कॉम्प्युटर चालूच होत नाही? फॉर्मॅट मारण्याआधी ही पंधरा मिनिटं द्या



जून-जुलै म्हणजे आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या सेवा केंद्रवाल्यांचा, झेरॉक्स-ऑनलाइनवाल्यांचा सीझन. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, अ‍ॅडमिशनचे फॉर्म, त्यात वरून पीक विमा. आणि नेमक्या ह्याच दिवसांत माझ्या दुकानाचा फोन सकाळी साडेदहालाच वाजायला लागतो. वाक्य ठरलेलं असतं, "भाऊ, कॉम्प्युटर चालूच नाही होऊन राहिला. काल रात्री तर चांगला बंद करून गेलो होतो." मागून पोरांचा, पालकांचा कलकलाट ऐकू येत असतो.

ह्या आठवड्याच्या व्हिडिओत मी कॅबिनेट उघडून सगळं हातानं करून दाखवलं आहे. इथे तेच क्रमानं लिहून देतो. प्रिंट काढा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. कॉम्प्युटर बंद पडलेला असेल त्या दिवशी हा कागदच कामी येईल.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बंद पडलेली मशीन आणि गेलेला डेटा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मशीनचा कुठलाही पार्ट बाजारात मिळतो. तुमची उधारीची वही, गिऱ्हाइकांचे फॉर्म, टॅलीचा डेटा बाजारात मिळत नाही. त्यामुळे पुढचं प्रत्येक पाऊल टाकताना स्वतःला विचारा, ह्यानं माझ्या डेटाला धक्का लागतो का?

बटण दाबल्यावर आत काय होतं?

मोटरसायकल चालू होत नसेल तर मेकॅनिक थेट इंजिन खोलत नाही. आधी पेट्रोल पाहतो, हॉर्न वाजवून बॅटरी पाहतो, मग प्लग काढतो. कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

पॉवरचं बटण दाबलं की भिंतीतली २३० व्होल्टची एसी लाईन एसएमपीएसमध्ये जाते आणि तिथे तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी होते. मग मदरबोर्डवरचा बायोस जागा होतो (नव्या मशीनमध्ये त्याला यूईएफआय म्हणतात). तो प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले ह्यांची हजेरी घेतो. हजेरी झाली की विंडोज कुठल्या डिस्कवर आहे ते शोधतो. डिस्क सापडली की विंडोज मेमरीत चढायला लागतं आणि शेवटी लॉगिनचा स्क्रीन येतो.

म्हणजे टप्पे चार: करंट, हजेरी, डिस्क, विंडोज. तुमची गाडी कुठल्या टप्प्यावर अडली हे ओळखलं की अर्धं काम झालं. ते ओळखायला पेचकस लागत नाही, फक्त डोळे आणि कान लागतात.

पहिला प्रकार: काहीच नाही. लाइट नाही, पंखा नाही

इथे बिघाड करंटच्या वाटेवर आहे. डेटाला बहुतेक वेळा काही झालेलं नसतं, तेव्हा घाबरू नका.

१. ज्या सॉकेटमध्ये कॉम्प्युटर आहे त्यात मोबाईलचा चार्जर लावून पाहा. चार्ज होत नसेल तर दोष बोर्डात आहे.
२. स्पाइक बस्टर आणि यूपीएस बाजूला ठेवा आणि कॅबिनेटची वायर थेट भिंतीत लावा. मशीन चालू झाली तर दोष त्या दोघांपैकी एकात आहे. यूपीएसची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि बरेच यूपीएस मग लाईन असूनही नीट चालू होत नाहीत.
३. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर एक छोटा स्विच असतो. झाडू मारताना, टेबल सरकवताना तो बंद होतो. तो पाहा.
४. मॉनिटरची पॉवर कॉर्ड आणि कॅबिनेटची पॉवर कॉर्ड बहुतेक एकसारखीच असते. मॉनिटर चालत असेल तर त्याची कॉर्ड कॅबिनेटला लावून पाहा.
५. सगळ्या वायरी काढा आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला करंट उतरतो. मग फक्त पॉवर, कीबोर्ड आणि मॉनिटर लावून पुन्हा प्रयत्न करा. विजेच्या कडकडाटानंतर किंवा लाईन ये-जा झाल्यावर अडकलेल्या मशीन कधीकधी एवढ्यानंही उठतात.

इतकं करूनही शांतताच असेल तर एसएमपीएस किंवा मदरबोर्डचा संशय. एसएमपीएस स्वतः खोलू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका बसेल इतका करंट राहू शकतो. दुकानदाराकडे चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून दहा मिनिटांत तपास होतो.

दुसरा प्रकार: पंखा फिरतो, स्क्रीन काळा

आधी मॉनिटरला निर्दोष ठरवा. त्याचा लाइट पेटतो का? व्हीजीए किंवा एचडीएमआयची वायर दोन्ही टोकांना घट्ट आहे का? मॉनिटरच्या मेनूत इनपुट बरोबर निवडलेला आहे का? मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर वायर त्या कार्डालाच लागलेली हवी, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.

मॉनिटर ठीक असेल तर कान द्या. बीप वाजते का? किती वेळा, लांब की तुटक? प्रत्येक कंपनीच्या बायोसची बीपची भाषा वेगळी असते, त्यामुळे अर्थ लावत बसू नका. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा आणि आपल्या मिस्त्रीला पाठवा.

ह्या प्रकारात आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा सापडणारा आरोपी म्हणजे रॅम. करायचं असं: मेन वायर काढा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार उतरवा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडून रॅम काढा. तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतला पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कचरा झटका आणि क्लिप 'टक' वाजेपर्यंत रॅम परत बसवा. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा. मशीन वॉरंटीत असेल आणि कॅबिनेटवर सील असेल तर मात्र उघडू नका, आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा.

तिसरा प्रकार: अक्षरं दिसतात, पण "बूट डिव्हाइस सापडत नाही" म्हणतो

म्हणजे हजेरी झाली, डिस्क मिळाली नाही. लगेच "हार्ड डिस्क उडाली" असं म्हणू नका.

पहिलं काम, सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, मोबाईलच्या वायरी काढा. गिऱ्हाईक प्रिंटसाठी पेन ड्राइव्ह देतो, तो रात्रभर लागलेला राहतो आणि सकाळी मशीन त्याच्यातच विंडोज शोधत बसते. हे मी वर्षातून कितीतरी वेळा पाहतो.

दुसरं, बायोसमध्ये जा. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबायचं, काही कंपन्यांत एफ-१ किंवा एफ-१० असतं. तिथे तारीख-वेळ पाहा. तारीख पार मागच्या कुठल्या वर्षात गेली असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला आहे. त्याचा नंबर सीआर-२०३२, तीन व्होल्टचा, घड्याळवाल्याकडेही मिळतो. तो संपला की बायोसची सेटिंग मूळ पदावर जाऊ शकते आणि त्यात बूटचा क्रम किंवा मोड बदलतो. सेल बदला, तारीख लावा, आपली डिस्क पहिल्या नंबरवर आणा.

तिसरं, त्याच बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर मशीन बंद करून डिस्कची डेटा केबल आणि पॉवर केबल काढून परत घट्ट लावा, शक्य असेल तर केबल बदला. आणि जुन्या हार्ड डिस्कमधून 'टक टक' किंवा खरखर आवाज येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू करू नका, कारण प्रत्येक वेळी आतल्या तबकडीचं नुकसान वाढू शकतं.

चौथा प्रकार: विंडोजचं चिन्ह येतं आणि अडकतं, निळा स्क्रीन येतो किंवा मशीन परत परत रीस्टार्ट होते

अपडेट चालू आहे असं लिहिलेलं असेल तर अर्धा-पाऊण तास थांबा. गर्दी असते, समजतं मला, पण मधेच बटण दाबून बंद केलं तर साध्या दुखण्याचं ऑपरेशन होतं.

अपडेट नसेल तर: चिन्ह आल्यावर पॉवर बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज १० आणि ११ स्वतःहून दुरुस्तीचा स्क्रीन आणतात. तिथे 'स्टार्टअप रिपेअर' करून पाहा. मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मग 'सेफ मोड'. सेफ मोडमध्ये मशीन चालू झाली तर सगळ्यात आधी डेटाची कॉपी काढा, दुरुस्ती नंतर. कालच नवा प्रिंटर किंवा बायोमेट्रिक मशीन जोडली असेल तर तिचा ड्रायव्हर काढून पाहा.

त्याच स्क्रीनवर 'रीसेट धिस पीसी' नावाचा पर्याय असतो. त्यातल्या 'रिमूव्ह एव्हरीथिंग'ला चुकूनही हात लावू नका, त्याचा अर्थ नावातच आहे. आणि मशीन बिटलॉकरची रिकव्हरी की मागत असेल तर ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मोबाईलवरूनही पाहता येते. म्हणूनच ते अकाउंट कुठल्या ईमेलवर आहे हे मालकाला माहीत पाहिजे, फक्त कामावरच्या पोराला नाही.

"फॉर्मॅट मारून देऊ का?"

मंडळी, आजच्या लेखात एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. ह्या प्रश्नाला लगेच "हो" म्हणू नका.

पुलगावकडचा एक कृषी केंद्रवाला माझ्याकडे आला होता. खरिपाच्या तोंडावर त्याच्या मशीनला निळा स्क्रीन यायला लागला. त्यानं दुसरीकडे दाखवलं, तिथे फॉर्मॅट मारून नवीन विंडोज टाकून दिलं. दोन दिवसांत निळा स्क्रीन परत हजर. मग मशीन माझ्याकडे आली. दोष निघाला रॅममध्ये. रॅम बदलली, मशीन धावायला लागली. पण शेतकऱ्यांच्या दोन वर्षांच्या उधारीची एक्सेल फाइल डेस्कटॉपवर होती, म्हणजे सी ड्राइव्हमध्ये, आणि ती गेली होती. डिस्क एसएसडी होती. एसएसडीवर फॉर्मॅट झालेला डेटा परत मिळणं फार अवघड, कारण रिकामी झालेली जागा ती स्वतःच आतून साफ करून टाकते.

मग त्या माणसानं काय केलं? बायकोला सोबत घेऊन बिलबुकांच्या जुन्या कार्बन कॉप्या काढल्या आणि रात्री बसून नावं लिहिली. गावातल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी स्वतः येऊन सांगितलं, "माझे इतके आहेत दादा, लिहून घे." काहींनी नाही सांगितलं. कोणी किती बुडवलं हे त्याला कधी कळणारच नाही. बियाणं भरायला पैसा लागतो त्या महिन्यात हे घडलं.

फॉर्मॅट हा उपाय फक्त विंडोजच्या बिघाडावर आहे. करंट, रॅम, केबल, सेल ह्यांच्यावर फॉर्मॅटचा काडीचा उपयोग नाही. म्हणून क्रम असा ठेवा: आधी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, डेटाची कॉपी घ्यायची, ती उघडून पाहायची, मगच फॉर्मॅटची गोष्ट.

दुरुस्तीला मशीन देताना जॉब कार्डवर तीन ओळी लिहून घ्या. एक, काय दिसतं ("पंखा फिरतो, स्क्रीन काळा, तीन बीप"). दोन, "विचारल्याशिवाय फॉर्मॅट करू नये." तीन, डिस्कचा सिरीयल नंबर, शक्य असल्यास फोटोसह. बिघाड डिस्कचा नसेलच तर डिस्क काढून घरी ठेवा. तिच्यात लोकांच्या आधारच्या, पासबुकच्या कॉप्या आहेत, त्या त्यांनी तुमच्या भरवशावर दिल्या आहेत.

आपल्याकडेच इतकं का बिघडतं?

वर्ध्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो, वर टिनाचं छत, कॅबिनेट टेबलाखाली कोंबलेलं. उष्णतेनं एसएमपीएस आणि मदरबोर्डवरचे कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. हिंगणघाट, देवळी, आर्वीकडे जिनिंगच्या आसपास दुकान असेल तर कापसाचे तंतू पंख्यात जाऊन त्यांची गादी तयार होते. मशीन चालू होते आणि पाच-दहा मिनिटांत आपोआप बंद पडते, त्यामागे बहुतेक हीच गादी असते. आणि जूनच्या पहिल्या वादळात लाईन चार वेळा जाते-येते, विजा पडतात.

उपाय साधे आहेत. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब आणि जमिनीपासून वर ठेवा. वर्षातून दोनदा, कापसाचा सीझन संपल्यावर आणि दिवाळीच्या आधी, ब्लोअरनं साफ करा. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आजच इलेक्ट्रिशियन बोलवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका, तो गरम होताना एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस बसतो. विजा चमकत असतील तर वायर भिंतीतून काढा, इंटरनेटची वायर धातूची असेल तर तीही.

मशीन बंद, पण दुकान बंद नाही

१९ जुलै २०२४ आठवतो? शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरात विंडोजच्या मशीन निळ्या स्क्रीनवर अडकल्या. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख. विमानतळांवर गोंधळ उडाला, आपल्या देशात इंडिगोनं प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. आणि उपाय काय होता? बऱ्याच ठिकाणी माणसाला प्रत्येक मशीनजवळ बसून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती एक फाइल डिलीट करावी लागली. म्हणजे वर चौथ्या प्रकारात सांगितलं तेच.

एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही त्या दिवशी पेननंच वाचवलं. तुमच्याकडेही पेनची सोय हवी. काउंटरमध्ये छापील बिलबुक ठेवा. रोज संध्याकाळी उधारीची एक प्रिंट काढा किंवा वहीत उतरवा. जुना लॅपटॉप असेल तर विकू नका, त्यात बायोमेट्रिकचा ड्रायव्हर आणि प्रिंटर आधीच टाकून ठेवा.

आणि तारखेचं काम असेल, एखाद्या पोरीच्या अ‍ॅडमिशनची शेवटची तारीख असेल, तर "बसा, होईल अर्ध्या तासात" असं म्हणू नका. कागद तिच्या हातात द्या आणि शेजारच्या केंद्रावर पाठवा. पन्नास रुपये जातील. पण तुमच्या आशेवर बसून तिची तारीख गेली तर वर्ष तिचं जाईल आणि गावात नाव तुमचं जाईल.

हिशोब करू

समजा दिवसाला ४० गिऱ्हाइकं आणि प्रत्येकी सरासरी ४० रुपये सुटतात. दिवसाचे झाले १६०० रुपये. मशीन तीन दिवस बंद, म्हणजे ४८०० रुपये गेले. दुरुस्तीचा खर्च वेगळा. आता स्वतःच्या दुकानाचे आकडे ह्यात घाला आणि मग ठरवा यूपीएसची बॅटरी "महाग" आहे का.

ह्या बाबतीत आपल्या जिल्ह्याशी नातं असलेली एक जुनी गोष्ट मला फार आवडते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं, गांधीजी सेवाग्रामला येण्याच्या काही वर्षं आधी. अटी वाचण्यासारख्या आहेत: किंमत १५० रुपयांच्या आत, यंत्र किमान २० वर्षं चाललं पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे यंत्र घेतानाच त्याच्या दुरुस्तीचा विचार.

तोच ५ टक्क्यांचा नियम मी माझ्या बॅचमध्ये सांगतो. ४०,००० चा सेट असेल तर वर्षाला २००० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेदोनशेच्या आत. ते गल्ल्यातून वेगळ्या डब्यात टाका. सेल, बॅटरी, साफसफाई, पेन ड्राइव्ह हे सगळं त्यातून होतं.

ह्या आठवड्याचा गृहपाठ

१. उधारी, टॅली, गिऱ्हाइकांचे फॉर्म हे सगळं सी ड्राइव्ह आणि डेस्कटॉपवरून उचलून एका फोल्डरमध्ये आणा.
२. त्याच्या दोन कॉप्या करा: एक बाहेरच्या डिस्कवर, ती घरी न्यायची, एक क्लाउडवर. डिस्क कायम मशीनलाच लावून ठेवली तर वीज पडल्यावर दोन्ही जातील.
३. कॉपीतली एक फाइल दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप मोजायचा नाही.
४. बायोसचं बटण, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा ईमेल, मिस्त्रीचा नंबर एका कार्डावर लिहून ठेवा. पासवर्ड त्या कार्डावर नको.
५. विंडोज १० वर असाल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. आपली मशीन ११ ला चालते का ते सीझन नसताना तपासून घ्या.

पुढच्या व्हिडिओत प्रिंटर. तोवर सगळ्यात आधी गृहपाठातला दुसरा नंबर करा, आणि तो आज दुकान बंद करायच्या आतच.